कड्यावरची पंगत

धूळप्पा अण्णा माणसांना छळायचे. पण त्याची तक्रार कुठे करायची सोय नव्हती, कारण ते जेवायला वाढून छळायचे. त्या गावात शिक्षक म्हणून बदली होऊन आलो त्या पहिल्याच दुपारी मी त्यांच्या ओट्यापाशी भाड्याच्या घराचा पत्ता विचारायला थांबलो होतो. घर त्यांच्या समोरचंच निघालं. पण ते मला कळलं भाकरी, तुरीची आमटी, शेंगाचटणी, भात आणि ताक एवढं सगळं पोटात गेल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी उपाशी निघून गेलो असतो, म्हणून त्यांनी पत्ता ताकापर्यंत राखून ठेवला होता.

गाव बीदरकडच्या राजेश्वरच्या आसपास कुठेतरी आहे, एवढं सांगून भागेल. अण्णांचं नावही मी बदललं आहे. दिसायला ते गुळाच्या ढेपेसारखे, खालून वर एकाच मापाचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, पांढरं धोतर, पांढरी टोपी. बसवकल्याणच्या बाजारात तुरीच्या डाळीचं दुकान होतं, तिथे गिऱ्हाईक डाळ घ्यायला यायचं आणि पोहे खाऊन जायचं. डाळ घ्यायची कधीकधी राहून जायची.

फोन उचलला की त्यांचा पहिला शब्द "जेवलाव का?" एकदा लातूरहून कुणीतरी मयताची बातमी द्यायला फोन केला. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तो बिचारा खरं बोलून "न्हाई अजून" म्हणाला. "मंग आधी जेवा, मागनं करा," असं म्हणून यांनी फोन ठेवून दिला. गेलं कोण हे संध्याकाळी कळलं. तेव्हा मात्र अण्णा ढसाढसा रडले, कारण सख्खा आतेभाऊ होता.

त्याहून भारी प्रकार पाहुण्यांचा. उदगीरकडची मंडळी मुलगी बघायला आमच्या गावात आली होती आणि घर चुकून अण्णांच्या दारात उतरली. अण्णांनी पायावर पाणी दिलं, पाट मांडले, धपाटे-दही झालं, मग रीतसर जेवण झालं. मुलाच्या मामाने पान खाता खाता म्हटलं, "आता पोरीला भायेर बोलवा." अण्णा म्हणाले, "माझ्या दोन्ही पोरी दिलेल्या हायती. थोरली बीदरला मैलूरमध्ये, धाकली सोलापूरला. तुमाला कुणाच्या घरी जायचंय?" ज्या घरी जायचं होतं तिथे सकाळपासून स्वयंपाक करून बसलेले लोक पुढे वर्षभर अण्णांशी बोलत नव्हते. लग्न मोडलं ते वेगळंच. मुलाला म्हणे मुलीपेक्षा धपाटे आवडले होते.

आता हाच माणूस सोवळ्याच्या बाबतीत इतका कडक की जवळ जायची भीती वाटावी. अंडं हा शब्द त्यांच्या घरात शिवीच्या खाली धरला जायचा. नातवाच्या वाढदिवसाला केक आणला तर बेकरीवाल्याला फोन लावून, त्याला त्याच्या आईची शपथ घालून, अंडं नाही असं वदवून घेतलं. आणि तरी खाल्ला नाहीच. हॉटेलात गेले तर थेट भटारखान्यात घुसून तवा वेगळा आहे का ते बघून यायचे. मी सगळं खाणारा आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून माझ्याकडे चहाला यायचे ते ओट्यावर, घरून स्वतःचा पेला घेऊन. चहा प्यायचे, पेला विसळून परत घेऊन जायचे. मला याचा राग यायचा. तो राग मी गुरम्माकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातची शेंगापोळी खाऊन गिळायचो. राग गिळण्यासाठी शेंगापोळीइतकं सोयीचं काही नाही.

या दोन्ही वेडांचा संगम मठाच्या जत्रेत व्हायचा. आमच्या गावच्या मठाची जत्रा उन्हाळ्यात भरते आणि त्या दिवशी दासोह असतो, म्हणजे येईल त्याला पोटभर जेवण. हंडेच्या हंडे हुग्गी, ती गव्हाची गुळातली खीर, भात, आमटी. या सगळ्याच्या कोठीची किल्ली अण्णांकडे होती. आधी त्यांच्या वडिलांकडे होती. ती ते करदोड्याला बांधायचे आणि वर्षभर काढायचे नाहीत. दासोहाच्या सकाळी उपाशीपोटी आंघोळ करून चुलीला पहिली काडी लावायची आणि पहिला डाव वाढायचा, हा त्यांचा मान. माणसाला काय काय हवं असतं. काहींना आमदारकी हवी असते. अण्णांना वर्षातून एक दिवस अख्ख्या गावाला वाढायचं होतं, आणि त्यांचं उरलेलं वर्ष त्या दिवसाची तालीम होती.

तो डाव त्यांच्या हातातून गेला, तो एका पक्ष्यामुळे.

झालं असं. थंडीतल्या येळ अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील खायची. अण्णांचं वरचं शेत तांबड्या माळावर आहे. माळ जिथे संपतो तिथे एकदम कडा तुटतो आणि खाली घळ आहे. घळीतून एक जुनं पिंपळाचं झाड वर आलेलं आहे, त्याचा शेंडा बरोबर कड्याच्या पातळीला येतो. अण्णांनी रीतीप्रमाणे चारी दिशांना आंबील शिंपडली, कड्यावरच्या दगडावर पाखरांसाठी घास ठेवला आणि वाट बघत बसले. कावळे आले, साळुंक्या आल्या. एक मोठा पक्षी मात्र चोचीत काटकी धरून दगडावरून दोनदा गेला आणि घासाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"घास घेतला न्हाई मास्तर त्येनं," अण्णा मला संध्याकाळी म्हणाले. आवाजात चक्क अपमान होता.

"अण्णा, गरुड आहे तो. भज्जी खात नाही."

"चाखून तरी बगायचं!"

गाव त्याला गरुड म्हणतं, पुस्तकात त्याला मोरघार म्हणतात. नाव काही असो, आयुष्यात न जेवता गेलेला अण्णांचा तो पहिला पाहुणा. तेव्हापासून दुपारची झोप सोडून ते कड्यावर जाऊन बसायला लागले. नर-मादीने पिंपळाच्या वरच्या बेचक्यात काटक्यांचं भलंमोठं घरटं रचलं होतं. कड्यावर पालथं पडलं की ते आपल्या अंगणासारखं समोर दिसायचं. मला एक दिवस हाताला धरून घेऊन गेले आणि आधी लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की कुणाला सांगणार नाही. लिंग त्यांचं, शपथ माझी. पण मी घेतली.

शपथ उगीच नव्हती. घळीच्या खाली जी वस्ती आहे तिथल्या कोंबड्या पोरसवदा असतानाच गायब व्हायला लागल्या होत्या. लोकांनी गरुडाला आकाशात बघितलं होतं, घरटं कुणाला सापडलं नव्हतं. सापडलं तर त्याला काडी लावायची हे पारावर ठरलेलं होतं. आमच्या गावात बाकी कशावर एकमत होत नाही.

उन्हाळा लागता लागता घरट्यात दोन पिल्लं दिसायला लागली. आधी पांढरा कापूस, मग हळूहळू तांबूस पिसं. अण्णांनी त्यांची नावं ठेवली, थोरली आणि धाकली.

"दोन्ही पोरीच कशावरून?" मी विचारलं.

"वरडण्यावरनं. माझ्या घरात दोन हुत्या, मला ठावं हाय."

त्या दोघी घरट्याच्या काठावर उभ्या राहून पंख झापडायच्या आणि दमून बसायच्या. पुन्हा झापडायच्या. कधी वारा आला की पाय क्षणभर उचलले जायचे आणि दोघी घाबरून काटक्या घट्ट धरायच्या. अण्णा इकडे कड्यावर दोन्ही हात पसरून बसायचे, जसं काही पडली तर धोतरात झेलणार होते. डाळीचे भाव पडले, दुकानातला माणूस रोज फोन करत होता, हे त्याला "जेवलाव का?" विचारून फोन ठेवून द्यायचे.

उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, थोरली उडाली. काही गाजावाजा न करता, आम्ही नसताना. राहिली धाकली. आणि आता आईबापाने एक विचित्र प्रकार सुरू केला. मादी शिकार घेऊन यायची, घरट्यासमोरून फिरवायची आणि पलीकडच्या खडकावर बसून स्वतःच खायची. धाकली गळा फुटेस्तोवर ओरडायची. एखाद्या दिवशी एखादा तुकडा मिळायचा, एखाद्या दिवशी काही नाही.

अण्णांचा तोल सुटला. "ही आई हाय का वैरीण? लेकरू वरडायलंय आन ही बया समोर बसून गिळायलीय! कामून असं करायलीय ही?" त्यांनी मादीला ज्या शिव्या दिल्या त्या त्यांना येत असतील असं मला वाटलं नव्हतं. मग मान खाली घालून, जणू दारूचा गुत्ता कुठे आहे ते विचारतायत अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, मटण कसं मागत्यात?"

पहिल्यांदा मीच आणून दिलं. चिंचा पाडायच्या लांब बांबूच्या टोकाला तुकडा अडकवून मी पुढे केला. धाकली आधी मागे सरकली, मग झडप घातली. अण्णांच्या तोंडावर जे समाधान आलं ते बघून मला वाटलं संपलं काम. पण दुसऱ्या दिवशी अण्णा अस्वस्थ. म्हणाले, "तुमी आणलेलं, तुमी वाढलेलं. त्यात माझं काय? वाढणाऱ्यानं सोताच्या हातानं वाढावं लागतंय." म्हणजे जो माणूस माझ्या पेल्यातून चहा पीत नव्हता तो आता खाटकाच्या दुकानात स्वतः जाणार होता. मी हसलो नाही. हसण्यासारखंच होतं, पण ते न्यायची पिशवी शोधायला उठलेही होते.

गावात नको म्हणून हुमनाबादला गेलो. मला त्यांनी दोन दुकानं अलीकडे उभं केलं आणि नाकाला उपरणं लावून एकटे पुढे गेले.

"क्या होना अप्पा?" दुकानदाराने विचारलं.

"मटण."

"कौनसा? सीना? रान? कलेजी?"

बकऱ्याला इतके भाग असतात हे अण्णांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "लेकराला पचंल असलं द्या."

"कितना बडा बच्चा है?"

"दोन महिन्याचं."

सुरा हवेत थांबला. "दो महिने का बच्चा, और मटण?"

"व्हय. कच्चंच खातंय."

"हौला हो गै क्या अप्पा?" दुकानदार म्हणाला, म्हणजे डोकं फिरलंय का, आणि मागे उभी असलेली गिऱ्हाइकं खदखदून हसली. त्यांतला एक जण आमच्या गावचा होता. तो हसला नाही. त्याने फक्त नीट बघून घेतलं.

यानंतर गावाला जास्त काही करावं लागलं नाही. अण्णा रोज दुपारी वर जातात. पिशवी काठीच्या टोकाला लटकवून, अंगापासून लांब धरून जातात. येताना भर उन्हात शेतातल्या विहिरीवर कपड्यांसकट आंघोळ करतात, म्हणजे पाप धुतात. एक दिवस टोपीला कोंबडीचं पीस चिकटलेलं होतं. ते गरुडाच्या उष्ट्याचं, वाऱ्याने आलेलं. पण वस्तीतल्या कोंबड्या गायब होत होत्या आणि अण्णांच्या टोपीला पीस होतं. दोन आणि दोन आमच्या गावाला फार लवकर जोडता येतात. धूळप्पा अण्णा कोंबड्या चोरतो, मटण आणतो आणि माळावर बसून कच्चं खातो, हे आठवड्याच्या आत सिद्ध झालं. काहींनी तर रक्त लागलेलं तोंडही पाहिलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जेवून मिशा पुसल्या त्यांनीच ते अधिक जवळून पाहिलं.

मैलूरहून थोरल्या लेकीचा, सुवर्णाचा, फोन आला तेव्हा मी ओट्यावर होतो. फोनचा आवाज मोठाच असायचा.

"अप्पा, सासूबाई इचारायलेत. तुमी मटण खायलाव मनून इकडं सांगायलेत लोक. खरं का?"

"जेवलीस का?" अण्णांनी विचारलं.

"अप्पा, मी काय इचारायलेय?"

"जेव आदी बाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ ते रिकामा पेला विसळत राहिले.

जत्रा जवळ आली तसे गावचे पाटील आणि चार मंडळी अण्णांच्या घरी आली. आली ती जेवणाच्या वेळेला. अण्णांनी वाढलं, मंडळींनी खाल्लं. पाटलांनी दोनदा भात घेतला, ढेकर दिला, हात धुतले, आणि मग ज्या माणसाच्या हातचं अन्न गावाला चालणार नाही असं सांगायला ते आले होते, त्याला ते सांगायला सुरुवात केली.

"अण्णा, हुमनाबादला मटण घेतलाव का?"

"घेतलो."

"खाल्लाव?"

"न्हाई."

"मंग कुणासाठी?"

अण्णांनी पाटलांच्या हातावर सुपारी ठेवली. कोपऱ्यात गुरम्माकाकू उभ्या होत्या, त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनाही ते हवंय. मी तिथे होतो, माझ्या तोंडाशी आलं होतं. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी जीभ आत घेतली.

पाटील वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बगा, मी किती वर्सं तुमच्या घरचं खातोय. एवढंच म्हना की घेतलो न्हाई. हुमनाबादला दुसरा कोनतरी हुता म्हना. मी मिटवतो. किल्ली तुमच्याकडंच ऱ्हाईल."

एक वाक्य होतं. दिवसातून पन्नास खोटी बोलल्याशिवाय बाजारात डाळ विकता येत नाही असं म्हणतात. अण्णांनी ती कशी विकली देव जाणे. "घेतलो की," ते म्हणाले. "घेतलो मनून न्हाई कसं म्हनू?"

आणि घरटं दाखवलं असतं तर पाटील सुटले असते, अण्णा सुटले असते, आणि वस्तीतली माणसं रॉकेल घेऊन कड्यावर गेली असती. अण्णांनी करदोड्याची गाठ सोडायला घेतली. वर्षभराची गाठ, सुटेना. शेवटी गुरम्माकाकूंनी विळी आणून कापून दिली. किल्ली पाटलांच्या हातात ठेवून अण्णा म्हणाले, "गूळ आधी पान्यात इरघळून गाळून घ्या. औंदाच्या गुळात खडे लई आयलेत."

मंडळी गेली. गुरम्माकाकू त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आता मला दाखवा कोण खातंय ते. बाई असंल तरी दाखवा."

बाईच होती, एका अर्थी. तिघंही वर गेलो. धाकली आता घरट्यातून बाहेर, कड्याकडच्या फांदीवर येऊन बसली होती. अण्णा दिसताच ती फांदीवरून त्यांच्या दिशेने धावत सुटली, पंख अर्धे पसरून, चोच उघडून. अण्णांनी सवयीने बांबू उचलला. तिने तुकडा घेतला, खाल्ला, मान आत घेऊन तिथेच पेंगायला लागली. समोरच्या खडकावर तिची आई शिकार पायाखाली धरून बसली होती, इकडेच बघत. धाकलीने तिच्याकडे मानही वळवली नाही.

काकू आधी तोंडाला पदर लावून हसल्या. किती दिवसांचा टांगलेला जीव एकदम भांड्यात पडला असावा. मग खडकावरच्या मादीकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"तुमाला काय डोळे हायती का न्हाई ओ? तिची माय तिला तिकडं बोलवायलीय. भूक लागल्याबिगर ती उडल कशी? आन तुमी हिकडं ताट घेऊन उभे! मी सुवर्णीचं दूध तोडले तवा काय केलते? लिंबाचा कडू पाला वाटून छातीला लावलते. लेकरू वरडून वरडून निळं पडलं हुतं. आन तुमी काय केलाव? दुकानात काम हाय मनून पळून गेलाव. रडनं ऐकवेना मनून. मी ऐकले की न्हाई? मला काय काळीज न्हवतं?"

अण्णा बांबू धरून उभेच राहिले. त्यांच्या डोक्यात ते शिरताना दिसत होतं. मान गेला, किल्ली गेली, लेकीच्या सासरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आणि ज्या लेकरासाठी हे सगळं केलं त्याच्या वाटेत काटा म्हणून हेच उभे होते. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट येत होती, आणि इथे नेमकी तीच करायची नव्हती. मी त्यांची भरपूर थट्टा केली आहे, याही लेखात करतो आहे. पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"मंग आता?" त्यांनी बायकोला विचारलं. लहान मुलासारखं.

"आता बांबू हिकडं द्या," काकू म्हणाल्या आणि बांबू घेऊन घरी निघून गेल्या.

पुढचे दिवस कड्यावर जे चाललं त्याला पंगत म्हणायचं की उपास, मला ठरवता आलं नाही. अण्णा रोज जायचे. मी म्हणालो, जाऊ नका. ते म्हणाले, "एकदा पळालोय, मास्तर. आता बसतो." धाकली त्यांना बघून फांदीच्या टोकापर्यंत यायची आणि ओरडायची. हे रिकामे हात मांडीवर ठेवून बसायचे. कानात बोटं घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. "ती उपाशी हाय," एवढंच. ताकावर राहिले. गुळाची ढेप बाजूने झिजायला लागली. काकू ताट झाकून ठेवताना म्हणायच्या, "बरं हाय. दोघं एकदमच मोठी व्हा."

जत्रेच्या दिवशी पहाट सरता सरता मठातून सनईचा आवाज वर येत होता. खाली कुणीतरी दुसऱ्याच माणसाने चुलीला काडी लावली. धूर सरळ वर आला आणि आमच्यासमोरून गेला. अण्णांनी धुराकडे बघितलं नाही. धाकली ओरडत नव्हती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. ती फांदीवर वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. आई घळीच्या पलीकडच्या खडकावर शिकार घेऊन बसली होती, आणि या वेळी खात नव्हती.

उड्डाण वगैरे म्हणतात तसं काही झालं नाही. पाय घसरल्यासारखी ती पुढे पडली. अण्णांच्या तोंडून आवाज निघाला. खाली जाता जाता तिचे पंख उघडले आणि कड्याला आपटून वर येणाऱ्या वाऱ्याने तिला उचललं. वेडीवाकडी, एका अंगाला कलंडत ती घळ ओलांडून गेली आणि पलीकडच्या बाभळीत डोकं खाली, पाय वर अशी जाऊन अडकली. मोठ्या कष्टाने सरळ झाली. आई उठली, शिकार तिच्यापाशी टाकली आणि बाजूला झाली.

अण्णा उभे राहिले होते. धोतराचा सोगा सुटून वाऱ्यावर उडत होता, त्याचं भान नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धाकलीने चोच खाली घातली तेव्हा ते म्हणाले, "जेवली."

"अण्णा," मी म्हणालो, "आता चला. घरटं रिकामं आहे. आता पाटलांना आणून दाखवू, मी सांगतो सगळं. अजून पहिला डाव वाढायचा असेल."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे, मास्तर असून काय उपयोग अशा नजरेने बघितलं. "पुडच्या साली ती परत इथंच येनार की. घर बांधून ठिवलंय त्येनी. जागा दाखवलो तर मोकळं घर जाळत्याल, न्हाईतर वाट बगत बसत्याल."

म्हणजे हे कधीच सांगायचं नव्हतं. या वर्षीही नाही, पुढच्याही नाही. किल्ली या जत्रेपुरती गेली नव्हती, कायमची गेली होती. हे त्यांनी केव्हाच, बहुतेक पाटलांसमोर गाठ सोडतानाच, मनाशी पक्कं केलं होतं. मला आत्ता कळत होतं. जूनमध्ये माझी बदली झाली आणि मी ते गाव सोडलं. तरी गावाचं नाव मीही सांगत नाही, ते याचसाठी.

खाली आलो, त्यांनी विहिरीवर आंघोळ केली आणि सरळ मठात गेले. मला वाटलं, बाहेरून नमस्कार करून परततील. ते पंगतीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा, बसून. शेजारच्या माणसाने आपली पत्रावळ जरा अलीकडे ओढून घेतली. त्याच्याच बापाच्या तेराव्याची पंगत अण्णांच्या घरी उठली होती. मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसलो. वाढणारा अण्णांसमोर क्षणभर अडखळला, मग डाव रिता केला. पहिल्याच घासाला खडा कचकन वाजला. अण्णांनी तो जिभेने बाजूला काढला, पत्रावळीच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "ग्वाड झालंय."

तेवढ्यात कुणीतरी वर बोट केलं. मठाच्या शिखरावर, खूप उंच, मोठा गरुड गोल फिरत होता. पंगतीतल्या सगळ्या माना वर गेल्या.

"ह्येच ते हरामखोर!" समोर बसलेला वस्तीतला माणूस म्हणाला. "माझ्या कोंबड्या ह्यानंच..." मग अण्णा समोर आहेत हे बघून तो अडखळला, त्याला आपला आधीचा आरोप आठवला असावा. पण राग मोठा होता. "घरटं सापडलं तर आज आगीत घालतो. अण्णा, तुमचं वरचं शेत त्या माळावरच हाय न्हवं? तुमाला दिसलं आसंल की. कुटं बसतंय ओ हे?"

वर गेलेल्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णांनी घास गिळला. हुग्गीने माखलेला उजवा हात वर उचलला आणि एक बोट ओढ्यापलीकडच्या झाडीकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला केलं.

"तिकडनं येतंय बगा," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्यानं बगितलोय."